मदत हवी आहे: 'इल गात्तोपार्दो'ची पहिली आवृत्ती कशी ओळखायची?

पोकाठची:

नमस्कार मंडळी. जरा घाईतला धागा आहे, शनिवारच्या आत कोणी सांगितलं तर फार बरं होईल.

मी इटलीत, तोरिनोत (ट्युरिन) राहते. इथे व्हिया पोच्या कमानींखाली जुन्या पुस्तकांचे ठेले लागतात. आप्पा बळवंत चौकात वाढलेल्या माणसाचे पाय तिकडे आपोआप वळतात. परवा तिथे जुझेप्पे तोमासी दि लाम्पेदूसाची 'इल गात्तोपार्दो' ही कादंबरी दिसली. ठेलेवाले आजोबा म्हणाले, पहिली आवृत्ती आहे, १८० युरो. मी तोंड वाकडं केल्यावर दीडशेवर आले. शनिवारपर्यंत बाजूला ठेवतो म्हणालेत.

पुस्तक बाबांसाठी हवंय. त्यांच्याकडे मराठी पहिल्या आवृत्त्यांचं एक कपाट आहे, आई त्याला 'सवत' म्हणते. तिच्यावरचा व्हिस्कोंतीचा सिनेमा त्यांनी पुण्यात फिल्म अर्काइव्हमध्ये पाहिला, तेव्हापासून ही गोष्ट त्यांच्या डोक्यात बसली आहे. इटालियनचं एक अक्षर येत नाही त्यांना, पण पंचाहत्तरी तोंडावर आली आहे आणि शाल-श्रीफळ मला द्यायचं नाहीये.

मला ठाऊक आहे ते एवढंच: लाम्पेदूसा जुलै १९५७ मध्ये वारले, तोवर मोन्दादोरी आणि एइनाउदी या दोन्ही प्रकाशकांनी कादंबरी नाकारली होती. मग हस्तलिखित लेखक-संपादक जॉर्जो बासानींच्या हाती पडलं आणि नोव्हेंबर १९५८ मध्ये मिलानच्या फेल्त्रिनेल्ली प्रकाशनाने ते काढलं. बिचाऱ्याने स्वतःचं पुस्तक छापलेलं पाहिलंच नाही.

आता प्रत. वेष्टण आहे, कण्याजवळ वरच्या बाजूला बोटाच्या पेराएवढं फाटलंय. शीर्षकपानामागे 'प्रिमा एदित्सिओने: नोव्हेंब्रे १९५८' (पहिली आवृत्ती: नोव्हेंबर १९५८) असं स्वच्छ छापलंय. कोऱ्या पानावर निळ्या शाईत कोणीतरी भेट दिल्याचा मजकूर, अक्षर लागत नाही. आणि मुख्य म्हणजे 'प्रेमिओ स्त्रेगा १९५९'ची (स्त्रेगा हा इटलीतला मोठा साहित्य पुरस्कार) लाल कागदी पट्टी शाबूत आहे! या पट्ट्या कोणी जपून ठेवत नाही, म्हणून मी जास्तच हरखले. आजोबांनी स्वतःच्या हाताने सुरुवातीची पानं दाखवली, मला हात लावू दिला नाही. मी दोन फोटो काढले तेवढेच.

एवढ्यावर दीडशे युरो टाकावेत का? आणि वेष्टण दुसऱ्या प्रतीचं चढवलेलं असेल तर ते कसं कळतं?

कसर:

ताई, थांबा. ज्या पट्टीने तुम्ही हरखलात तीच चुगली करतेय. पुस्तक आलं नोव्हेंबर १९५८ ला, स्त्रेगा मिळाला १९५९ च्या उन्हाळ्यात. मधल्या काळात हे पुस्तक इतकं खपलं की छापखान्याला उसंत नव्हती. पहिल्या खेपेची एखादी प्रत दुकानात पडून राहिली आणि तिला नंतर पट्टी घातली, असं होऊ शकतं, पण त्यावर मी तरी पैसे लावणार नाही. किंवा पट्टी वेगळी मिळवून चढवली असेल. दोन्हीकडून शंकाच.

दुसरं, 'प्रिमा एदित्सिओने: नोव्हेंब्रे १९५८' ही ओळ पुढच्या छपायांतही तशीच राहते. इटलीत त्या काळी प्रत्येक पुनर्मुद्रणालाही 'एदित्सिओने'च म्हणायचे. आपल्याकडे आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांचा जो घोळ असतो, तोच. म्हणून शेवटचं पान बघा. तिथे 'फिनितो दि स्ताम्पारे' अशी ओळ असते, म्हणजे छापून पूर्ण झाल्याचा दिवस, महिना आणि छापखान्याचं नाव. तिथे १९५९ असेल तर विषय संपला. आजोबांनी नेमकं तेच पान दाखवलं नाही, यावर मी काही बोलत नाही.

वेष्टणाचं म्हणाल तर आतल्या घड्या बघा. तिथे वर्तमानपत्रांतल्या परीक्षणांमधली वाक्यं असतील तर वेष्टण नंतरचं. पुस्तक यायच्या आधी परीक्षण कुठून येणार? पुठ्ठ्यावर उन्हाने पडलेला डाग आणि वेष्टणाचा फिकेपणा जुळतो का तेही बघा. आणि त्या शाईतल्या मजकुराखाली साल आहे का?

मुक्काम मिलान:

कसर यांना +१. इथे 'पहिली आवृत्ती' हा शब्द फार सैल वापरतात. प्रीमो लेवींच्या 'से क्वेस्तो ए उन ओमो'ची (कादंबरी नव्हे, छळछावणीच्या आठवणी) १९५८ ची एइनाउदी प्रत मलाही अशीच विकायला आणली होती. खरी पहिली तुमच्याच तोरिनोतली, दे सिल्व्हा प्रकाशनाची, १९४७ ची, फक्त २५०० प्रती. न खपलेल्या काहीशे प्रती फिरेंझेच्या (फ्लॉरेन्स) गोदामात होत्या, त्या १९६६ च्या पुरात गेल्या. विक्रेता खोटं बोलत नव्हता म्हणा. 'एइनाउदीची पहिली' असं पुटपुटला होता, 'एइनाउदीची' जरा हळू.

मान्झोनीच्या 'इ प्रोमेस्सी स्पोझी' या कादंबरीत तर उलटीच गंमत. मूळ तीन खंड मिलानला १८२७ मध्ये बाहेर पडले, पण शीर्षकपानांवर साल १८२५ आणि १८२६. ज्यावर १८२७ दिसतं ती बहुधा दुसऱ्या कुठल्या गावची चोरटी छपाई. या चोरीला वैतागून त्याने १८४० ते ४२ मध्ये सुधारलेली आवृत्ती गोनिनच्या चित्रांसह पदरच्या पैशाने काढली आणि हात पोळून घेतले.

एक सुचवते: बाबांना वाचायची असती तर १९६९ नंतरची कुठलीही प्रत चालली असती, कारण तेव्हापासून लेखकाच्या १९५७ च्या हस्तलिखिताबरहुकूम मजकूर छापतात. कपाटात ठेवायची तर मात्र बासानींनी संपादित केलेली १९५८ चीच हवी. जाण्याआधी एसबीएन या इटालियन ग्रंथालयांच्या सामायिक सूचीत नोंद बघून घ्या, पानांची संख्या तरी पडताळता येईल.

पोकाठची:

जाऊन आले. आजोबांना म्हटलं, शेवटचं पान बघू दे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. फिनितो दि स्ताम्पारे, १९५९. वेष्टणाच्या आतल्या घडीवर परीक्षणंही निघाली. आणि कसर, तुमच्या प्रश्नावर घरी फोटो मोठा करून पाहिला होता. निळ्या शाईत खाली 'नाताले १९५९', म्हणजे नाताळ १९५९, असं आहे. माझ्याच फोनमध्ये होतं, मी पट्टीकडे बघत बसले होते.

२० युरोंना घेतली. माझ्यासाठी, ट्राममध्ये वाचायला. लाल पट्टी खूण म्हणून घातली आहे.

बाबांसाठी शोध चालूच आहे. आता ठेल्यांवरून नको, रीतसर पावती आणि प्रतीचं लेखी वर्णन देणारा दुकानदार हवा. तोरिनो किंवा मिलानमध्ये कोणाचा चांगला अनुभव असेल तर व्यनि करा.