ब्रेकिंग बॅड : वॉल्टरची बाजू तुम्ही कुठं सोडली?

(शेवटपर्यंतचं सगळं खाली येणार आहे. मालिका बघायची राहिली असेल तर आधी बघून घ्या.)

लातूर
अमेरिकन मालिका, २००८ ते २०१३, पाच सीझन, ६२ भाग. पन्नाशीतला केमिस्ट्रीचा मास्तर वॉल्टर, फुफ्फुसाचा कॅन्सर, बायको गरोदर. घरच्यांसाठी पैसा मागं ठेवायचा म्हणून तो मेथ हे नशेचं ड्रग बनवायला लागतो. लातुरात केमिस्ट्रीच्या सरांना काय मान असतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून शाळा सुटल्यावर आपल्याच विद्यार्थ्याच्या गाडीचं चाक घासणारा वॉल्टर बघितला आणि पोटात तुटलं.

तरी पहिल्या सीझनमध्येच माझं मन उडालं. जुना मित्र एलियट नोकरी देऊ करतो, उपचाराचा खर्च उचलतो म्हणतो आणि हा नाही म्हणतो. ‘घरच्यांसाठी’ हे कारण माझ्या लेखी तिथंच संपलं. तुमचं कुठं संपलं? नुसतं मत नको, प्रसंग सांगा, आणि तो का लागला तेही.

परभणी
एलियटचं मला पटत नाही. दुष्काळात आमच्या दादांनी एकाही सोयऱ्यापुढं हात पसरला नाही, मायच्या पाटल्या मोडल्या. गरीब माणसाकडं तेवढंच असतं, त्याला माज म्हणू नका. पण सराफाकडं जाताना दादा मायला संगं घेऊन गेले होते. वॉल्टर मात्र बायकोला सांगतो, पैसे एलियटच देतोय. मला नकार नाही लागला, हे खोटं लागलं.

अंबाजोगाई
मी नर्स आहे. जेनचा, म्हणजे मेथच्या धंद्यातला वॉल्टरचा साथीदार जेसी याच्या मैत्रिणीचा, प्रसंग मला पुन्हा बघवत नाही. नशेत असलेला पेशंट उताणा झाला, उलटी झाली, की श्वास कोंडतो. त्याला कुशीवर वळवायचं, तोंड साफ करायचं. हे आम्ही पेशंटसोबत आलेल्या म्हातारीलाही शिकवतो. वॉल्टर जेसीला हलवतो तेव्हा त्याच्याच धक्क्यानं ती पोरगी उताणी होते. तो धावतो, हात पुढं जातो आणि थांबतो. ती जिवंत राहिली तर आपली अडचण, एवढा हिशोब त्या तेवढ्या वेळात होतो. रडतो नंतर. “त्यानं तिला मारलं कुठं?” असं लोक म्हणायलेत, त्यांच्याशी मी वाद घालते आणि घालत राहीन. पुढं तिचा बाप दुःखातच कामावर जातो, विमानांना दिशा देताना चुकतो आणि दोन विमानं आदळून १६७ माणसं मरतात. लेखकांनी हिशोब कुठवर नेलाय बघा.

हिंगोली
मी सोडलीच नाही. जेसीच्या पुढच्या मैत्रिणीच्या लहान पोराला, ब्रॉकला, वॉल्टरनं विष दिल्याचं कळलं तेव्हा राग आला, तरी शेवटच्या भागात त्यानंच जिंकावं असं वाटायलं होतं.

नांदेड
आमच्या होस्टेलवर वॉल्टरची बायको स्कायलर पडद्यावर आली की पोरी पुढं ढकलायच्या. “किती किरकिर करते!” माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा धंदा बुडाला तेव्हा कर्जाच्या कागदांवर तिच्या सह्या निघाल्या. तिनं कधी विचारलं नव्हतं. स्कायलर विचारते, पैसा कुठून आला, रात्री कुठं होतास. ती धुतल्या तांदळासारखी नाही. तिचा साहेब टेड, त्याच्या खोट्या हिशोबाला तिनं हात लावला, पुढं काळा पैसा पांढरा करायला कार वॉशही चालवलं. पण लोकांचा राग त्यावर नव्हताच, तिच्या प्रश्नांवर होता. भूमिका करणाऱ्या ॲना गननं २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये या द्वेषावर लेख लिहिला, इतकं ते टोकाला गेलं होतं.

धाराशिव
जेसी रडतो म्हणून आपण त्याला माफ करतो. वॉल्टरच्या जागी मेथ बनवायला तयार केलेला केमिस्ट गेल, त्यानं दार उघडलं आणि जेसीनं गोळी घातली. वॉल्टरच्या सांगण्यावरून, दोघांचा जीव वाचावा म्हणून, पण घातली यानंच. नंतर नशा सोडणाऱ्यांच्या बैठकीत तो कुत्रा मारल्याची गोष्ट सांगतो. बैठक चालवणारा समजून घ्यायला लागतो तसा तो चिडतो. त्याला कुणीतरी दोषी म्हणायला हवं असतं. माझा एक चुलतभाऊ दारू सोडून घरी आला तेव्हा सगळे “झालं गेलं विसर” म्हणत होते, आणि तो प्रत्येकाच्या तोंडाकडं बघायचा. जेसीचा तो प्रसंग मला त्यामुळं कळला.

बीड
वॉल्टरचा साडू हँक, ड्रग्जविरोधी खात्यातला अधिकारी, त्याच्याबद्दल कुणीच लिहिलं नाही? वडील निवृत्त हवालदार, त्यांच्यासोबत बघितली. हँक जेसीला बेदम मारतो, मग बचाव न करता खरा जबाब देतो आणि पिस्तूल जमा करतो. वडिलांनी तो भाग मला दोनदा लावायला लावला. पण वॉल्टरच गुन्हेगार आहे हे कळल्यावर हँक वरिष्ठांना न सांगता गुपचूप तपास करतो, ते त्यांना बिलकुल आवडलं नाही. “साडू असो का कुणी असो, त्याच दिवशी रिपोर्ट करायला पाहिजे होता,” म्हणाले. मला विचाराल तर घरातला माणूस म्हटल्यावर दोन दिवस मीही थांबलो असतो. यावर आमचं अजून जमलेलं नाही.