ताऱ्यांच्या ऊर्जेला १९६६ चं अल्फा पोटेन्शियल चालवायचं का?

गंगापूररोडकर:
नाशिकमध्ये एमएस्सीला न्यूक्लिअर फिजिक्स शिकवते. दरवर्षी प्रोजेक्टला मुलं अल्फा कण आणि केंद्रकाच्या अभिक्रियेचा क्रॉस सेक्शन (ती घडण्याची शक्यता) काढतात आणि डोळे झाकून १९६६ चं मॅकफॅडन-सॅचलर पोटेन्शियल (दोघांमधल्या बलाचं सूत्र) टाकतात. आकर्षणाची खोली १८५ एमईव्ही (केंद्रकांच्या ऊर्जेचं एकक), शोषणाची, म्हणजे अल्फा अभिक्रियेत हरवण्याची, २५, त्रिज्या आणि काठाची जाडी. चार आकडे भरले की झालं. ताऱ्यांचा प्रश्न असेल तर हे बंद करायला हवं.

ते आकडे २४.७ एमईव्हीच्या इलॅस्टिक स्कॅटरिंगवर (अभिक्रिया न होता अल्फा नुसता विखुरतो त्यावर) बसवलेत. समॅरियम-१४४ चा कूलॉम अडथळा (विद्युत प्रतिकर्षणाची भिंत) १८-२० एमईव्हीचा, आणि अडीच अब्ज केल्विनला अभिक्रिया घडते ती ९ एमईव्हीच्या आसपास, म्हणजे अडथळ्याच्या निम्म्यावर, टनेलिंगने (भिंत न ओलांडता आरपार जाऊन). पुरात पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागतं तेव्हाची मोजमापं घेऊन मे महिन्यातली गोदा कुणी सांगतं का? १९९८ मध्ये समॅरियम-१४४ ने अल्फा पकडून गॅडोलिनियम-१४८ होण्याचं मोजमाप झालं, तर खालच्या ऊर्जांना क्रॉस सेक्शन भाकिताच्या जवळपास दहावा हिस्सा निघाला!

सातपूरवाला:
मॅडम, एका समॅरियमवरून सगळं मोडीत काढू नका. पी-न्यूक्लिआय (सुपरनोव्हात बनतात असं मानलं जाणारी, प्रोटॉन जास्त असलेली दुर्मिळ केंद्रकं) पस्तीसएक, पण त्यांचं गणित मांडायला शेकडो केंद्रकांचे दर लागतात. त्यातली बरीचशी किरणोत्सारी, टार्गेटच बनवता येत नाही. तिथे सगळ्यांना एकच साधं पोटेन्शियल लागतं, आणि अडथळ्याच्या जवळपास हे बरं चालतं.

शिवाय २०१३ मध्ये राउशरने दाखवलं की पोटेन्शियल न बदलताही समॅरियमचा तुटवडा समजावता येतो. काही अल्फा कण कूलॉम एक्सायटेशनमध्येच (विद्युत बलाने केंद्रकाला नुसतं उत्तेजित करण्यात) खर्ची पडतात, एकत्र येऊन संयुक्त केंद्रक बनवायला कमी उरतात.

गंगापूररोडकर:
मग तो मार्ग गणितात घाला ना! मुलं नुसते चार आकडे टाकतात, म्हणजे तुमच्या हिशोबानेही उत्तर चुकतंच.

परवाचंच सांगते. एका मुलीला १० एमईव्हीवर शोषणाची खोली २५ वरून १० करायला सांगितली. स्कॅटरिंगचं रदरफर्डशी (नुसत्या कूलॉम बलाने होणाऱ्या स्कॅटरिंगशी) गुणोत्तर, त्याचा आलेख एकला चिकटून सरळ आडवा, जरासुद्धा हलला नाही. त्याच रनमध्ये अभिक्रियेचा क्रॉस सेक्शन मात्र खाली आला. पहिल्यांदा तिला वाटलं, कोडमध्ये चूक आहे. चूक नव्हती. इतक्या खाली स्कॅटरिंगमध्ये जवळपास फक्त कूलॉम बल दिसतं, पोटेन्शियलच्या शेपटीबद्दल (बाहेरच्या काठाबद्दल) ते काही बोलत नाही. ज्या मोजमापाला तो आकडा कळतच नाही, त्याच्या भरवशावर आपण सुपरनोव्हाचे निष्कर्ष काढायचे?

त्र्यंबकरोड:
फोल्डिंग वापरा मग. केंद्रकाची घनता इलेक्ट्रॉन स्कॅटरिंगवरून मिळते, त्यावर न्यूक्लिऑनमधलं (प्रोटॉन-न्यूट्रॉनमधलं) बल पसरवलं की आकर्षणाचा भाग जवळजवळ फुकट मिळतो.

सातपूरवाला:
आकर्षणाचा भाग मिळतो, मान्य. शोषणाचा? तो परत फिटच करावा लागतो, आणि सगळं भांडण त्याच्यावरच आहे. फोल्डिंगचं नाव घेतलं की मुलांना वाटतं, सगळं मूळ तत्त्वांवरून आलं. ही फसवणूक जास्त वाईट.

गंगापूररोडकर:
यावर मात्र सातपूरवाल्यांशी सहमत. म्हणूनच मला २०२० चा हंगेरीतल्या डेब्रेत्सेनच्या गटाचा मार्ग आवडतो: शोषणाची लांब शेपूट ठेवायचीच नाही, पोटेन्शियलच्या नुसत्या आकर्षणाच्या भागातून अडथळा पार होण्याची शक्यता काढायची आणि त्यावरून एकूण क्रॉस सेक्शन. गॅमोने १९२८ मध्ये अल्फा क्षयासाठी केलं तेच, उलट्या दिशेने.

सातपूरवाला:
तरी जुनं काढू नका. पुढच्या बॅचला दोन्ही चालवू द्या, दोन्ही रेषा एकाच आलेखावर.

गंगापूररोडकर:
चालेल. पण दोन रेषांमधला पट्टा रंगवायचा, आणि ९ एमईव्हीला तो दहापट रुंद आला तरी प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर तसाच छापायचा.