मदत हवी आहे: घराच्या वाटणीसाठी चांगला दिवाणी वकील, इंदूर

नमस्कार मंडळी, आमच्या आत्यासाठी विचारतेय. आजोबांचं रामबागेतलं घर, त्यांनी स्वतः घेतलेलं, मृत्युपत्र नाही, आणि आता काका आत्याला म्हणतात नगर निगमात नामांतरण (म्हणजे घराच्या नोंदीत नाव बदलणं) माझ्या एकट्याच्या नावाने होऊ दे, तू फक्त सही कर. मला जितकं कळतं, १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलगा मुलगी दोघांचा सारखाच हिस्सा, आणि नामांतरण झालं म्हणजे मालकी मिळाली असं नसतंच, तरी सही करण्याआधी कुणी जाणत्याने सगळे कागद नीट बघावेत असं फार वाटतं.

ओळखीचे एक वकीलसाहेब आहेत पण ते फौजदारीवाले, वाटणीचं काम रोज करणारे हवेत. शक्यतो मराठी बोलणारे, कारण आत्या बहात्तरची आहे, तिला तिच्या भाषेत सगळं समजायला हवं. आणि कोर्टात जाण्याआधी समेटाचा प्रयत्न करणारे असतील तर उत्तमच, भाऊ-बहिणीचं बोलणं तुटू नये हो.

फी आधी ठरवून लेखी घेता येते का? बायकांना विधिक सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, १५१०० वर फोन करायचा, तर इथे कुणी असा वकील घेतलाय का, काम नीट झालं का? अनुभव असेल तर प्लीज सांगा, काका सहीसाठी रोज फोन करतायत.