मदत हवी आहे: गॅरेजमधला कंप्रेसर सारखा ट्रिप होतो, नवा कोणता घ्यावा?

अर्धवट_गाडी
घरच्या गॅरेजमध्ये जुनी गाडी पूर्ण उघडून ठेवली आहे. इंजिन बाहेर, काचा बाहेर, पत्र्याचं काम चालू. कंप्रेसर लावला की ट्रिप. दिवसातून आठ-दहा वेळा. मला रंगापर्यंत पोचायचं आहे, हा खेळ खेळत बसायचं नाही. सरळ सांगा, नवा किती एचपीचा घेऊ आणि टाकी किती लिटरची? 'आधी मेकॅनिकला दाखवा' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

वीजतंत्री
ट्रिप नक्की काय होतं? एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच), आरसीसीबी (गळती पकडणारा स्विच) की मोटरवरचं ओव्हरलोडचं बटण? हे तीन वेगळे आजार आहेत. आरसीसीबी पडत असेल तर कुठेतरी करंट गळतोय. एमसीबी पडत असेल तर करंट जास्त ओढला जातोय. ओव्हरलोड पडत असेल तर मोटर तापतेय. आत्ताच्या कंप्रेसरचा एचपी, एमसीबीवरचं अक्षर आणि आकडा (सी१६, बी२० वगैरे), वायरची जाडी आणि लांबी एवढं लिहा. त्याशिवाय काही सांगणं म्हणजे अंदाजपंचे.

स्क्रूवाला
पिस्टनच्या कंप्रेसरचा नादच सोडा. स्क्रू कंप्रेसर (पिस्टनऐवजी फिरत्या स्क्रूंनी हवा दाबणारा) घ्या, आवाज कमी, अखंड हवा. एकदा घेतलात की परत बघायला नको.

शेगडा
@स्क्रूवाला, एका गाडीसाठी स्क्रू कंप्रेसर? त्याला सतत काम लागतं. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं चालवलात तर तेल पुरेसं तापत नाही, हवेतलं पाणी तेलातच साचतं आणि बेअरिंग खातं. घरच्या गॅरेजला पिस्टनच बरा.

अर्धवट_गाडी
एमसीबी पडतो. सी१६. ३ एचपी, पट्ट्यावरचा, १०० लिटर टाकी. वायर साधी एक्स्टेन्शन, १२ मीटर. जाडी बघितली नाही. पण मी नवा कोणता घ्यावा हे विचारलंय, जुन्याची चौकशी नाही.

जुगाडू
३२चा एमसीबी टाका, दोन मिनिटांचं काम. १६ वर ३ एचपी चालतच नाही.

वीजतंत्री
@जुगाडू, हे कुणी वाचून खरंच करेल म्हणून ठणकावून सांगतो: एमसीबी वायरीला वाचवायला असतो, मोटरला नाही. बाजारातल्या एक्स्टेन्शनची वायर बहुधा दीड स्क्वेअर एमएमची असते. तिच्यामागे ३२चा एमसीबी लावला तर एमसीबी पडायच्या आधी वायर वितळेल. शेजारी थिनरचे डबे असलेल्या खोलीत.

आणि ३ एचपी १६ वर चालतो. २.२ किलोवॉटची सिंगल फेज मोटर २३० व्होल्टवर १३-१४ अँपिअर घेते. अडचण सुरू होतानाची आहे. त्या क्षणी चालू करंटच्या पाच-सहा पट, म्हणजे ७०-८० अँपिअर लागतो. मोटरने लगेच वेग पकडला तर सी गटाचा एमसीबी तेवढं सोसतो. मोटर अडखळली तर तो पडतो.

आता वायर. दीड स्क्वेअर एमएम तांब्याचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम. १२ मीटर जाऊन १२ मीटर परत, म्हणजे ०.२९ ओहम. ७५ अँपिअरला २२ व्होल्ट वायरीतच जिरले. व्होल्टेज १० टक्के घटलं की सुरुवातीचा टॉर्क (फिरवायचा जोर) १९ टक्के घटतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. तीच वायर ४ स्क्वेअर एमएमची असती तर ८ व्होल्टच गेले असते. एक्स्टेन्शन गुंडाळलेली असेल तर तापते ते वेगळंच.

दोन_खांबी
जाता जाता एक सुचवतो. गॅरेज उभं करताय तर दोन खांबांची लिफ्ट आत्ताच विचारात घ्या. काँक्रीट किमान १०० मिलिमीटर जाड आणि तडे नसलेलं हवं. अँकर बोल्ट जुन्या तड्याच्या किंवा जोडाच्या जवळ नकोत. छत साडेतीन मीटरच्या आसपास. चार खांबांची असेल तर ती नुसती ठेवली तरी चालते, पण चाकं मोकळी सुटत नाहीत, वर वेगळा जॅक लागतो.

अर्धवट_गाडी
लिफ्ट कोणी विचारली? गाडी चार घोड्यांवर (जॅक स्टँडवर) आहे, व्यवस्थित आहे.

तेलकट_हात
घोडे कुठे लावलेत? खालचे सिल (दाराखालचे लांब पत्रे) गंजलेत का? मोनोकॉक गाडीत (वेगळी चेसिस नसते, बॉडीच भार घेते) दारं, काचा, इंजिन काढून सिलखाली घोडे लावले आणि तेच सिल कापायला घेतले, तर बॉडी मधून वाकते. डोळ्याला दिसत नाही. नवा सिल वेल्ड करून दार लावायला गेलं की वरची फट ३ मिलिमीटर आणि खालची ८. सिल कापायच्या आधी दाराच्या चौकटीत २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप आडवा आणि तिरका टाकून टाके मारून घ्या. घोडे सस्पेन्शन जिथे बसतं त्या मजबूत जागी सरकवा. एका वेळी एकच बाजू कापा.

अर्धवट_गाडी
डावा सिल कापून झालाय. पाइप टाकला नव्हता. फट मोजतो.
पण कंप्रेसर???

शेगडा
कंप्रेसरकडे येतो. एक प्रश्न, याच्या उत्तरात सगळं आहे. टाकी रिकामी असताना पहिल्यांदा चालू होतो का? आणि ट्रिप होतो तो पहिल्या वेळी, की टाकी एकदा भरून बंद झाल्यावर पुन्हा सुरू होताना?

अर्धवट_गाडी
सकाळी पहिल्यांदा बरोबर चालू होतो. ८ बारला बंद होतो. सँडर वापरला की ६ ला परत सुरू व्हायला जातो, हूं हूं करतो आणि ट्रिप.

शेगडा
मग नवा घेऊ नका. तुमचा अनलोडर काम करत नाही. प्रेशर स्विच बंद होतो तेव्हा पंपाच्या डोक्यातली आणि टाकीपर्यंतच्या पाइपातली हवा बाहेर सुटायला हवी. बंद होताच दोन-तीन सेकंद 'फुस्स' होतं ते हेच. ती हवा सुटली की पुढच्या वेळी पिस्टन मोकळा फिरतो आणि मोटर वेग पकडते. सुटली नाही तर मोटरला ६ बारच्या विरुद्ध पहिला फेरा मारायचा असतो. ते सिंगल फेजच्या आवाक्याबाहेरचं. बंद होताना फुस्स होतं का?

चोक
स्टार्टिंग कपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा जोर देतो तो) बघा. ९० टक्के वेळा तोच असतो.

शेगडा
कपॅसिटर गेला असता तर सकाळी रिकाम्या टाकीवरही कुरकुर झाली असती. पट्टा आणि पंप फिरवायचा असतोच की. मीटरवर मोजायला हरकत नाही, पण आधी फुस्स.

चोक
अशक्त झालेला कपॅसिटर बिनभाराने सुरू करतो, भारावर नाही. मोजा म्हटलं तर मोजा. हात लावण्याआधी डिस्चार्ज करा.

अर्धवट_गाडी
फुस्स होत नाही. पूर्वी व्हायचं, उलट थांबायचंच नाही. प्रेशर स्विचखाली बारीक नळी आहे तिथून टाकी भरलेली असताना सतत हवा गळायची, टाकी तासाभरात रिकामी. म्हणून ती नळी काढून तिथे बोल्ट लावून बंद केलं. गळती थांबली.

वीजतंत्री
हे पहिल्या पोस्टमध्ये आलं असतं तर धागा चार प्रतिसादांत संपला असता.

शेगडा
तुम्ही दुखणं सोडून बोंब मारणारं तोंड बंद केलंत. नळीतून सतत हवा येत होती कारण टाकीच्या तोंडावरचा चेक व्हॉल्व्ह (हवा फक्त टाकीकडे जाऊ देणारी झडप) गळत होता. टाकीची हवा उलटी पाइपात येऊन अनलोडरमधून बाहेर पडत होती. आता ती पाइपात अडकून राहते आणि पिस्टनवर बसते.

काय करायचं: प्लग काढा. टाकी पूर्ण रिकामी करा, गेज शून्यावर आल्याशिवाय पाना लावू नका. पंपाकडून टाकीत शिरणारा जाड पाइप जिथे जोडलाय तो पितळी तुकडा म्हणजे चेक व्हॉल्व्ह. वरचा षटकोनी नट सोडा. आत स्प्रिंग आणि टेफ्लॉनची किंवा रबराची चकती असेल. चकतीवर कार्बनचे कण किंवा टेफ्लॉन टेपचे तुकडे सापडतील. बसायची जागा कापडाने पुसा, पॉलिशपेपर मारू नका, ओरखड्यातून परत गळेल. चकतीवर गोल चर पडला असेल तर उलटी करून लावा, दोन्ही बाजू खराब असतील तर व्हॉल्व्हच बदला. नंतर बारीक नळी परत जोडा.

कार्बन खूप असेल तर पंपातलं तेल तपासा. बऱ्याच जणांनी इंजिन ऑइल घातलेलं असतं. त्यातले डिटर्जंट पाणी धरून ठेवतात आणि गरम डोक्यात कार्बन करतात. कंप्रेसरचं तेल, ग्रेड १००, बिनडिटर्जंट.

गंजगुरू
सँडरने कशाला घासत बसलात? इलेक्ट्रोलिसिस करा. पाण्यात धुण्याचा सोडा, पाच लिटरला मोठा चमचाभर, वस्तूला निगेटिव्ह, लोखंडी पट्टीला पॉझिटिव्ह, १२ व्होल्टचा चार्जर. सकाळी काढलंत की काळा लेप, तारेच्या ब्रशने जातो.

तेलकट_हात
@गंजगुरू, कंस आणि बिजागऱ्यांना ठीक. पण अर्धी माहिती देऊ नका. पॉझिटिव्हला स्टेनलेसची पट्टी लावायची नाही, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. मीठ टाकायचं नाही, क्लोरीन सुटतो. ॲल्युमिनियमचे भाग त्या सोड्यातच खातात. स्प्रिंग आणि कडक केलेले बोल्ट बुडवायचे नाहीत, हायड्रोजन आत शिरून ते ठिसूळ होतात. हायड्रोजन वरही सुटतो, त्यामुळे वेल्डिंगच्या कोपऱ्यात टब नको. आणि अख्खा बॉनेट बुडवायला टब कुठला आणणार?

गंजगुरू
मग बॉनेट सँडब्लास्ट करा.

तेलकट_हात
सपाट पत्र्यावर जोरात ब्लास्ट केलं की पत्रा ताणला जाऊन फुगतो, तो परत बसत नाही. आणि साधी वाळू तर नकोच, सिलिकाची धूळ फुप्फुसात कायमची बसते. गार्नेट घ्या, तेही फक्त चेसिसच्या जाड भागांवर. पण १०० लिटरच्या कंप्रेसरवर ब्लास्टिंग होत नाही, एवढं धागाकर्त्यांना आधी सांगा.

अर्धवट_गाडी
व्हॉल्व्ह उघडला. चकतीखाली टेफ्लॉन टेपचा तुकडा अडकला होता. काढला, नळी जोडली. आता बंद होताना दोन सेकंद फुस्स, ६ बारला विनातक्रार सुरू. वायर ४ स्क्वेअरची मागवली. आभार.
दाराची फट मागच्या बाजूला ६, पुढे ४.

मग या कंप्रेसरवर गाडी रंगेल का?

शेगडा
रंगेल, पॅनल सुटे करून. ३ एचपीवर खरी हवा ९ सीएफएम (मिनिटाला घनफूट) मिळेल असं धरा. पाटीवर जास्त लिहिलेलं असतं, तो पिस्टनचा हिशोब, हाताशी येणारी हवा नव्हे. एचव्हीएलपी गन (जास्त हवा, कमी दाबाची रंगाची गन) १२ सीएफएम घेते. टाकी ८ वरून ६ ला येईपर्यंत पंप बंदच असतो, तिथे २०० लिटर, म्हणजे ७ घनफूट, ३५ सेकंदांत संपले. पुढे पंप ९ देतो, गन १२ घेते, तूट ३ ची. ६ वरून ४ बारला यायला आणखी सव्वादोन मिनिटं. एकूण तीन मिनिटांचा हात. दाराला पुरतो, छताला पुरत नाही. एलव्हीएलपी गन (कमी हवा, कमी दाबाची) घेतलीत तर हा हिशोबच मिटतो. सँडर मात्र विजेवरचा घ्या, हवेवरचा सँडर गनएवढीच हवा खातो, तीही थांबून नाही.

तेलकट_हात
टू-के रंग (हार्डनर मिसळून मारायचा) असेल तर हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. कार्ट्रिजचा मास्क पुरेसा मानू नका. कार्ट्रिज संपल्याचं वासावरून कळतच नाही, आणि एकदा ॲलर्जी झाली की नंतर थोड्याशा वाफेनेही दमा उठतो. बाहेरून हवा येणारा मास्क घ्या. दुसरं, ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट असेल तर त्याने पुसलेल्या जागी वेल्डिंग करू नका, फॉस्जीन तयार होतो.

दोन_खांबी
उजेडाचं कोणीच बोललं नाही. ३० चौरस मीटरला ५०० लक्स हवे तर १५ हजार ल्युमेन, भिंती काळ्या असतील तर २० हजार. २० वॉटच्या दहा एलईडी नळ्या. रंग जुळवायला सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरची घ्या.

अर्धवट_गाडी
बरं. एक शेवटचं. आज प्राइमर मारून बघितला, गनमधून पाण्याचे थेंब येतायत. हवेतलं पाणी वेगळं करणारा सेपरेटर लावलाय.

शेगडा
कुठे लावलाय? टाकीलाच असेल तर उपयोग नाही, तिथे हवा गरम असते आणि पाणी वाफेच्या रूपात सरळ निघून जातं. सात-आठ मीटर धातूचा पाइप भिंतीवरून फिरवा, हवा थंड होऊ द्या, मग सेपरेटर. फाटे पाइपाच्या वरच्या बाजूने काढा आणि शेवटी खाली तोंड करून नळ. पीव्हीसी वापरू नका, फुटला की सुऱ्यांसारखे तुकडे उडतात. आणि टाकीच्या तळाचा नळ शेवटचा कधी उघडला होता?

अर्धवट_गाडी
तळाला नळ असतो? मी टाकी सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग ओढून रिकामी केली.

शेगडा
खाली वाका, टाकीच्या पोटाखाली बघा. बादली घेऊन जा. पाणी लालसर निघालं, म्हणजे टाकी आतून गंजलेली असली, तर पुढचा प्रायमर मारायच्या आधी टाकीची हायड्रो टेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी).