मदत हवी आहे : डोक्याला मार लागल्यावर कबड्डी परत कधी सुरू करायची?

वैतागलेला बाप
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय, समजून घ्या. मुलगी कबड्डी खेळते, सरावात डोक्याला गुडघा लागला. सीटी स्कॅन केला, रिपोर्ट एकदम नॉर्मल. डॉक्टर म्हणाले कन्कशन आहे, म्हणजे मेंदूला हादरा बसलाय, आराम करू दे, काही दिवसांनी खेळेल. आता काही दिवस म्हणजे किती ते विचारायला परत गेलो तर तिथे दुसरेच डॉक्टर बसलेले, ते म्हणाले त्रास नसेल तर हरकत नाही. इकडे २३ तारखेला जिल्ह्याची किशोरी गटाची निवड चाचणी, पुढच्या वर्षी ती वयात बसणार नाही, आणि कोच रोज फोन करतायत. कोणाच्या मुलांना असं झालंय का, किती दिवसांनी उतरवलंत? कृपया "काळजी घ्या" सोडून काहीतरी सांगा.

मिरजेची मावशी
अहो पण लागलं कधी? मुलगी केवढी? शुद्ध गेली होती का, उलट्या झाल्या का? नुसतं २३ तारीख म्हणून आम्हाला काय कळणार, दोन दिवस झालेत की वीस?

जुना गडी
आम्ही मातीत खेळायचो, डोक्याला खोक पडली की हळद दाबायची आणि पुढची चढाई. रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग उतरवा. आताची पोरं मॅटवर खेळून नाजूक झालीत.

लेफ्ट कॉर्नर
काका, खोक वेगळी आणि हे वेगळं. सीटीमध्ये रक्तस्राव दिसतो, फ्रॅक्चर दिसतं, कन्कशन दिसतच नाही. मेंदू आतल्या आत हादरलेला असतो, स्कॅन नॉर्मल येणारच. मी शाळेत पीटी शिकवतो, रिपोर्ट नॉर्मल म्हणून दुसऱ्या दिवशी किट घालून आलेली मुलं दर वर्षी बघतो.

वैतागलेला बाप
@मावशी वय १५, दहावीला आहे. ९ दिवस झाले. शुद्ध वगैरे गेली नाही, उलटी एकदाच झाली. आता त्रास काही नाही. फक्त वाचायला बसली की डोकं दुखतं आणि ट्यूबलाइट लावू देत नाही, त्यामुळे शाळेत अजून पाठवलेली नाही. काल घरी सूर्यनमस्कार घालून बघितले, २५ ठरवले होते, बाराव्याला गरगरलं म्हणून थांबवलं.

मिरजेची मावशी
आणि म्हणे त्रास काही नाही!!

ब्राह्मीप्रेमी
नाकात रोज गाईच्या तुपाचे दोन थेंब, ब्राह्मी घृत, आणि शिरोधारा. माझ्या मेव्हण्याची वीस वर्षांची अर्धशिशी गेली. ॲलोपथीत यावर औषधच नाही.

लेफ्ट कॉर्नर
मेव्हण्याला गुडघा लागला होता का?

सुमेधा_ठाणे
माझ्या मुलाला सायकलवरून पडून झालेलं. आम्ही पंधरा दिवस अंधाऱ्या खोलीत, मोबाइल बंद, टीव्ही बंद, पूर्ण विश्रांती. हाच एक उपाय आहे, चालायलासुद्धा नेऊ नका.

लेफ्ट कॉर्नर
ताई, ही जुनी पद्धत झाली. २०२२ ला ॲम्स्टरडॅमला जगभरचे तज्ज्ञ जमले होते, त्यांनीच सांगितलंय की पहिले २४ ते ४८ तास जरा आराम, तेव्हा स्क्रीन कमी, पण घरातल्या घरात हिंडायला हरकत नाही, आणि मग हळूहळू चालणं सुरू. मुलांना कोंडून ठेवलं तर चिडचिड वाढते आणि बरं व्हायलाही वेळ लागतो.
बाबा, तुमच्यासाठी क्रम सांगतो. आधी चालणं किंवा घरातली उभी सायकल, सोबत गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाने. मग थोडं वेगात, हलकं जॉगिंग. मग एकटीचं फुटवर्क, कोणी अंगाला लागायचं नाही. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस. डोकं किंचित जड झालं, म्हणजे दहापैकी एखाद-दोन गुणांनी, आणि तासाभरात उतरलं तर चालतं, त्याहून वाढलं तर तिथेच थांबायचं आणि उद्या परत बघायचं. जोरात सराव, मग साखळी, पकड, शेवटी सामना, हे सगळं लक्षणं पूर्ण गेल्यावर. आणि पकडीच्या आधी डॉक्टरांची लेखी परवानगी. गोळी खाऊन डोकं दुखत नाही, हे धरायचं नाही. पूर्ण खेळायच्या आधी शाळा नेहमीसारखी सुरू झालेली पाहिजे, आधी एखाद-दोन तास पाठवा.
पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, जास्तच झोप, फिट, मान दुखणं, हातापायाला मुंग्या, यातलं काही दिसलं तर इथे धागा न काढता सरळ हॉस्पिटल.

वैतागलेला बाप
हे सगळं २३ च्या आत बसतं का? आज १४.

लेफ्ट कॉर्नर
तिला अजून ट्यूबलाइट सहन होत नाही हो. मुलांना चार आठवडेही लागतात.

खडूस
निवड समितीला सांगून बदली खेळाडू घ्या. क्रिकेटमध्ये डोक्याला लागलं तर बदली खेळाडू २०१९ पासून आहे, लॉर्ड्सला स्मिथच्या जागी लाबुशेन आला, अर्धशतक मारून गेला.

जुना गडी
आणि कॅनबेराला २०२० मध्ये जडेजाच्या जागी चहल आला, तीन विकेट! तो घोळ होता, जडेजाचा पाय दुखत होता.

खडूस
हेल्मेटवर स्टार्कचा बॉल लागला होता, मॅच बघितली होती का? डोक्याचं खरं प्रकरण बघायचं तर नरी कॉन्ट्रॅक्टर. १९६२, बार्बाडोस, ग्रिफिथचा बॉल, कवटी फुटली, फ्रँक वॉरेलने रक्त दिलं. कॅप्टन होते आपले, पुन्हा टेस्ट खेळले नाहीत.

मिरजेची मावशी
अहो, मुलगी कबड्डी खेळते. बाबा, याआधी कधी डोक्याला लागलं होतं का तेवढं तिला विचारा, तुम्ही नको, आईला विचारायला सांगा.

टोरांटोकर
मावशींचा प्रश्न महत्त्वाचा. आमच्याकडे ऑन्टॅरिओत रोवन स्ट्रिंगर नावाची १७ वर्षांची रग्बी खेळणारी मुलगी होती, २०१३ मध्ये एका आठवड्यात अनेकदा डोक्याला लागलं, ती खेळत राहिली आणि गेली. तिच्या नावाने २०१८ ला कायदा झाला. आता लेकाच्या हॉकीच्या दर सीझनला माहितीपत्रक वाचून आम्ही दोघं सही करतो, डोक्याला लागल्याची नुसती शंका आली तरी मुलाला लगेच बाहेर काढतात आणि डॉक्टरांचा कागद दाखवल्याशिवाय परत घेत नाहीत. पहिलं बरं व्हायच्या आत दुसरं लागलं तर मेंदूला सूज येऊ शकते, क्वचित होतं पण झालं तर वेळ मिळत नाही.

ब्राह्मीप्रेमी
परदेशातलं इथे लागू नाही.

टोरांटोकर
डोकं सगळीकडे तेच असतं.

वैतागलेला बाप
आईने विचारलं. गुडघा लागला त्याच्या चार दिवस आधी पकडीत मैत्रिणीच्या डोक्यावर डोकं आपटलं होतं. दोन दिवस दुखत होतं, बोलली नाही, सांगितलं असतं तर चढाईला दुसरीला पाठवलं असतं म्हणे. आणि सूर्यनमस्काराला आठव्यापासूनच गरगरत होतं, मी बघत होतो म्हणून चालू ठेवले.

मिरजेची मावशी
आता उद्या मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या आणि दोन्ही वेळचं सांगा. आणि पोरीला रागावू नका.

वैतागलेला बाप
गुरुवारची वेळ मिळालीय. कोचना सांगितलं, ते म्हणाले कागद मी मॅनेज करतो, मी नको म्हटलं तर फोन ठेवला. मुलगी माझ्याशी बोलत नाहीये. संध्याकाळी तळ्यापर्यंत चालत जाऊन आलो, वीस मिनिटं, न बोलता. डोकं दुखलं का विचारलं तर मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

पम्या९१
धागा पूर्ण वाचला नाही, पण मॅटवर पाय घसरत असेल तर बूट बदला. मुलगी कोणते वापरते?