बहिणीचं सारखं उदास राहणं ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसमुळं असू शकतं का?

कृष्णाकाठची: आम्ही सांगलीचे, धाकटी बहीण २१ वर्षांची, दोन-तीन महिने झाले सारखी रडते, झोप नाही, कॉलेजला जाऊ वाटत नाही म्हणते, आणि एकांनी ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस असंल म्हणून अँटिऑक्सिडंटच्या महागड्या गोळ्या सुचवल्यात, द्याव्यात का?

बायोकेम_मिरज: ताई, मेंदू वजनानं शरीराच्या २ टक्के पण ऑक्सिजन २० टक्क्यांच्या आसपास वापरतो, त्यात चरबीही भरपूर, म्हणून फ्री रॅडिकल्सचा, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंचा, मारा त्याला लवकर लागतो; हा मारा शरीराला आवरंना झाला की त्यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. डिप्रेशनच्या पेशंटच्या रक्तात मॅलोनडायल्डिहाइडसारखे मार्कर, म्हणजे अशी इजा झाल्याची खूण दाखवणारे पदार्थ, सरासरीनं जास्त दिसतात हे खरंय, पण आधी काय आणि मागनं काय हे त्यावरून ठरत नाही, झोपमोड आणि तंबाखूनंही ते वाढतात. उपचाराच्या जागी या गोळ्या अजिबात नकोत.

तासगावकर: हिमोग्लोबिन, बी१२, थायरॉइड बघितलं का? आमच्याकडं पोरी नुसत्या चहावर कॉलेज गाठतात. बेदाणे, शेंगदाणे, पालेभाजी असू दे पण तेवढ्यावर थांबू नका, मानसोपचारवाल्या डॉक्टरांना दाखवाच.

बायोकेम_मिरज: बरोबर. जीव नकोसा झाला असं काही बोलली तर एकटं सोडू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, नंबर १४४१६, फुकट आहे, रात्रीपण लागतो.

कृष्णाकाठची: परवा तसं बोललीय एकदा. आत्ताच लावते.

तासगावकर: लावा, आणि उद्या ओपीडीला सोबत जा.