घोकंपट्टीचा दोष कन्फ्यूशियसला का?

शाईबोरू
चीनमधल्या जीवघेण्या परीक्षांचा विषय निघाला की ‘ही कन्फ्यूशियसची देणगी’ असं कोणीतरी म्हणतंच. मला हे साफ नामंजूर आहे. या प्राचीन चिनी विचारवंताच्या संवादांचा संग्रह, ‘लुन-यू’, उघडून बघा. त्झलू आणि रान यौ या शिष्यांनी एकच प्रश्न विचारला: चांगलं काही ऐकलं की लगेच आचरणात आणावं का? त्झलूला उत्तर मिळालं, वडील आणि थोरला भाऊ हयात असताना असं कसं? रान यौला मिळालं, हो, लगेच! तिसरा शिष्य बुचकळ्यात पडला. गुरुजी म्हणाले, रान यौ कचरतो म्हणून पुढे ढकललं, त्झलूच्या अंगात दोघांचा उत्साह म्हणून आवरलं. मुलगा ओळखून शिकवणं म्हणजे याहून वेगळं काय असतं?

अडकित्ता
किस्सा छान आहे, पण निवडक आहे. फान ची या शिष्याने शेती शिकवा म्हटल्यावर कन्फ्यूशियस ‘मी जुन्या शेतकऱ्याइतका जाणकार नाही’ म्हणाला, आणि त्याची पाठ वळताच त्याला क्षुद्र ठरवलं. हाताच्या कामाला विद्या न मानण्याची खोड इथेच दिसते. शिवाय एक कोपरा दाखवल्यावर ज्याला उरलेले तीन सापडत नाहीत त्याला पुन्हा शिकवणार नाही, असंही तोच म्हणतो. मग मठ्ठ म्हणवल्या जाणाऱ्या मुलाने जायचं कुठे?

नदीकाठ
परीक्षांचं खापर मात्र त्याच्यावर नको. तो इ.स.पू. ४७९ मध्ये गेला. झू शी या खूप नंतरच्या पंडिताच्या भाष्यांवरच सरकारी अधिकारी निवडायची परीक्षा घ्यायची हे चीनच्या युआन राजघराण्याच्या दरबाराने १३१३ साली ठरवलं, आणि ती पद्धत १९०५ साली बंद झाली.

शाईबोरू
नदीकाठ, नेमकं हेच. अडकित्ता, गुरुदक्षिणा म्हणून नुसती सुक्या मांसाची जुडी घेऊन आलेल्या कोणालाही शिकवायला नाही म्हटलं नाही, हेही त्याचंच म्हणणं. लाडका शिष्य यान ह्वे प्रत्येक शब्दाला मान डोलावतो, म्हणून त्याचा मला उपयोग होत नाही, असं बोलणारा गुरू मला तरी दुसरा माहीत नाही.

अडकित्ता
दारात घेतलं, कबूल. आत आल्यावर काय? दिवसा झोपलेल्या त्साय यू या शिष्याला ‘कुजक्या लाकडावर कोरीवकाम होत नाही’ असं सुनावलं. तो का झोपला, हे विचारल्याचं त्या संवादात कुठेही नाही. असं वाक्य मागच्या बाकावरच्या मुलाला किती वर्षं पुरतं, हे त्या बाकावर बसलेल्यांना विचारा.